जगात जर्मनी, भारतात परभणी... आणि चाकं तीन!

लिटरला पस्तीस किलोमीटर, डोक्यावर छप्पर आणि पार्किंगला बाइकपेक्षा थोडीच जास्त जागा. तीनचाकी कारचं हे स्वप्न दर काही वर्षांनी नव्यानं विकायला येतं. पण ते नेमकं कुणासाठी आहे?

परभणीच्या माणसाला पेट्रोलवर बोलतं करायला फार वेळ लागत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये पेट्रोल नव्वदीला टेकलं, तेव्हा सगळ्या चॅनेलवर परभणीचं नाव झळकत होतं. मे २०२१ मध्ये साध्या पेट्रोलनं शंभरी ओलांडली, तेव्हाही बातमीत आम्हीच. कारण साधं आहे. मनमाडच्या डेपोतून टँकर इथवर येईपर्यंत वाहतुकीचा खर्च किमतीवर चढत जातो. मी नोकरीला पुण्यात, आई-बाबा परभणी जिल्ह्यात. त्यामुळे मायलेज हा आमच्याकडे जेवणाच्या ताटावरचा विषय आहे. यंदा घरात पहिली गाडी घ्यायचं ठरतंय आणि मोबाइलवर तीनचाकी कारचे व्हिडिओ एकामागून एक येतायत. दिसायला एकदम कूल! म्हटलं, प्रेमात पडण्याआधी जरा चौकशी करू.

पहिली कारच तीनचाकी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही कॉलर टाइट करून सांगतो. तीनचाकीच्या बाबतीत ती चक्क लागू पडते. कार्ल बेंझनं २९ जानेवारी १८८६ रोजी जर्मनीत ज्या मोटारीचं पेटंट घेतलं, तिला तीनच चाकं होती. पुढची दोन चाकं नीट वळवणारी स्टिअरिंगची पद्धत त्याला पटत नव्हती, म्हणून त्यानं पुढे एकच चाक ठेवलं. १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन याच मॉडेलच्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटरवर, माहेरी गेली. वाटेत इंधन घेतलं ते औषधाच्या दुकानातून. जगातली पहिली लाँग ड्राइव्ह तीन चाकांवर झाली, बोला!

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत पैसा नव्हता, पेट्रोल महाग होतं. तेव्हा मेसरश्मिट या विमानं बनवणाऱ्या कंपनीनं पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली चिमुकली गाडी आणली. १९५५ च्या मॉडेलचं इंजिन १९१ सीसीचं, म्हणजे आजच्या एखाद्या बाइकएवढं. बसायचं एकामागे एक. फ्रिट्झ फेन्ड या इंजिनिअरनं याची सुरुवात केली होती ती युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी बनवलेल्या गाडीपासून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि परभणीचं काय? १९५८ मध्ये हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्यानं आपल्याकडे बजाज टेम्पो सुरू झाली आणि ‘हॅन्सिआट’ ही तीनचाकी इथं बनू लागली. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत असा रुजला की आज चारचाकी मालगाडीलाही आपण टेम्पोच म्हणतो.

एक चाक कमी, म्हणजे काय काय कमी?

फंडा सोपा आहे. एक चाक गेलं की त्याच्याबरोबर एक टायर, एक ब्रेक आणि सस्पेन्शनचा एक संच जातो. वजन घटतं, मग छोटं इंजिन पुरतं आणि छोट्या इंजिनासाठी सांगाडाही हलका चालतो. सिग्नलला थांबत-निघत जाणाऱ्या शहरी ट्रॅफिकमध्ये वजन कमी असणं हीच सगळ्यात मोठी बचत. शिवाय मागे एकच चाक असेल तर गाडी पाण्याच्या थेंबासारखी निमुळती करता येते आणि हवेचा विरोध कमी होतो.

इथंच गंमत आहे. हवेच्या विरोधाचा फरक खऱ्या अर्थानं जाणवतो तो हायवेच्या वेगाला. आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे काय किंवा समृद्धी महामार्ग काय, तीनचाकीला तिथं प्रवेशच नाही! म्हणजे जो फायदा ब्रोशरमध्ये सगळ्यात देखणा दिसतो, तो वापरायला तुम्हाला रस्ताच मिळत नाही.

आता कॅल्क्युलेटर काढा

समजा, तुम्ही रोज ३० किलोमीटर फिरता, महिन्यात २५ दिवस. झाले ७५० किलोमीटर. शहरात छोटी कार लिटरला १८ देते असं धरलं तर ४२ लिटर पेट्रोल लागेल. तीनचाकीनं ३५ दिलं तर साडेएकवीस. पेट्रोल शंभरच्या वर आहे, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये वाचले. वाईट नाही. पण ५५ देणारी बाइक हेच काम १४ लिटरमध्ये करते.

अजून एक हिशोब. गाडीत तुम्ही एकटे असाल तर एका लिटरमध्ये एक माणूस ३५ किलोमीटर गेला. परभणी स्टेशनबाहेरची रिक्षा लिटरला ३० देते आणि तिच्यात तीन प्रवासी आहेत असं धरा, तर तोच आकडा ९० होतो. साडेचारचं मायलेज देणारी एसटी चाळीस माणसं नेते, तिचा आकडा १८०. म्हणजे इंधन वाचतं ते चाकं कमी करून थोडं आणि सीटा भरून जास्त.

अर्थात सीटा भरायच्या म्हणजे कोंबायच्या नव्हेत. तिघांच्या जागी आठ जण आणि ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक, हे दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिलंय. तीनचाकीचा तोल त्रिकोणावर असतो. पुढे एकच चाक असेल आणि वळणावर जोरात ब्रेक लागला, तर वजन पुढच्या कोपऱ्याकडे, म्हणजे नेमकं जिथं आधार नाही तिकडे जातं. पुढे दोन चाकं असलेली रचना याबाबतीत बरीच बरी. म्हणून नव्या तीनचाकी कार बहुतेक तशाच असतात.

चाकोरीबाहेरची गाडी

शहरात कुणी सांगत नाही अशी एक अडचण मात्र गावाकडे गेल्यावरच कळते. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्यावर बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या दोन खोल चाकोऱ्या पडतात, मधे उंचवटा राहतो. चारचाकीची चाकं त्या चाकोऱ्यांत बसतात. तीनचाकीचं तिसरं चाक मात्र बरोबर मधल्या उंचवट्यावर चढतं! डांबरी रस्त्यावरही तेच. चारचाकीनं खड्डा दोन चाकांच्या मधे घेता येतो, तीनचाकीत तिथं तिसरं चाक वाट बघत असतं. ‘चाकोरीबाहेरची गाडी’ ही जाहिरातीची ओळ नाही, शब्दशः तक्रार आहे.

स्वप्नं आली, गेली

१९७० च्या दशकात बंगळुरूमध्ये ‘बादल’ नावाची फायबर बॉडीची तीनचाकी कार बनत होती. तिचं १९८ सीसीचं इंजिन मागे होतं. ती फार चालली नाही. अमेरिकेत एलिओ मोटर्सनं लिटरला जवळपास ३६ किलोमीटर आणि ६,८०० डॉलर किंमत असं जाहीर केलं. ६५ हजारांहून जास्त लोकांनी नोंदणी केली, पण कारखान्यातून विक्रीची गाडी बाहेर आलीच नाही. आपल्याकडे मुंबईच्या स्ट्रॉम मोटर्सनं ‘आर-थ्री’ या इलेक्ट्रिक तीनचाकीचं बुकिंग २०२१ मध्ये १० हजार रुपयांत सुरू केलं. किंमत साडेचार लाखांच्या आसपास सांगितली होती. पुण्याच्या रस्त्यावर मला ती अजून एकदाही दिसलेली नाही.

रिक्षाच्या बादशहानं, म्हणजे बजाजनं, काय केलं? रिक्षाला पर्याय म्हणून २०१२ मध्ये गाडी दाखवली, तीच पुढे ‘क्यूट’ झाली. २१६ सीसी, कमाल वेग ७०, मायलेज पस्तिशीच्या घरात. पण तिला चाकं चार! वर्षानुवर्षं तीनचाकी बनवणाऱ्यांनाच चौथं चाक जोडावंसं वाटलं, यातच बरंच काही आलं.

मग घ्यायची कुणी?

आता फ्रिट्झ फेन्डकडे परत येऊ. माझ्या आईचे गुडघे दुखतात. बाइकवर पाय टाकून बसणं तिला जमत नाही. मे महिन्यात परभणीत पारा चाळिशीपार असतो, तेव्हा डोक्यावर छप्पर हवंच. तिला जायचं असतं बाजारात, दवाखान्यात, बँकेत. सगळं पाच-सहा किलोमीटरच्या आत. वेग चाळीसचा असला तरी बास. थांबल्यावर पाय टेकायला नको, चढा-उतरायला सोपं, गल्लीत वळणारं. तीनचाकीचे सगळे गुण इथं कामाला येतात आणि तिचे तोटे फारसे आड येत नाहीत.

आणि अशी गाडी गावात आधीच आहे. तिला आपण रिक्षा म्हणतो, एवढंच. आता ती विजेवर चालायला लागलीय. २०२३ मध्ये इलेक्ट्रिक तीनचाकींच्या विक्रीत भारतानं चीनला मागे टाकून जगात पहिला नंबर पटकावला. ही क्रांती ग्लॅमरस कारनं केली नाही, आपल्या साध्या रिक्षानं केली.

म्हणून आमच्या घरी ठरलंय ते असं. माझ्यासाठी पुण्यात बस आणि बाइक. पहिल्या गाडीच्या पैशांतला एक हिस्सा आईच्या रिक्षाभाड्यासाठी बाजूला. महिन्याला दोन हजार रुपयांत तिच्या गावातल्या बऱ्याच फेऱ्या होतात आणि इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, पार्किंग ही झंझट शून्य.

तरीही तीनचाकी कार घ्यायचीच असेल तर...

• दोन चाकं पुढे असलेलीच बघा.
• ती खासगी वाहन म्हणून नोंदवता येते का आणि लायसन्स कोणतं लागेल, हे आरटीओत आधी विचारा.
• तुमच्या रोजच्या वाटेत एक्स्प्रेस वे किंवा कच्चा रस्ता आहे का ते तपासा. असेल तर विसरा.
• सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का? फॅन्सी गाडीचा एक पार्ट महिनाभर अडकला की मायलेजचा सगळा हिशोब पाण्यात.
• टेस्ट ड्राइव्हला आईला घेऊन जा. ती आरामात बसली-उतरली, तर गाडी पास!