सोने आणि पाळणा



'जालना, सोने का पालना' ही म्हण तुम्ही घरी किंवा बाजारात अनेकदा ऐकली असेल. मराठीत तिचा अर्थ 'जालना म्हणजे सोन्याचा पाळणा' असा होतो. जालना ही जुन्या काळापासून व्यापाराची पेठ आहे. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. लोखंडी सळ्यांचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबीच्या बागा यांमुळे आज या जिल्ह्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. येथे कष्ट करणाऱ्याला चार पैसे मिळतात, असा या म्हणीचा भाव आहे.

या म्हणीतील दोन शब्द नीट पाहा. 'सोने' म्हटले की पैसा आठवतो. 'पाळणा' म्हटले की घर आठवते. पाळण्यात मूल असते आणि त्याला झोका देणारा हात लागतो. पैसा मिळवण्यासाठी तो हात रात्रंदिवस बाहेर राहिला, तर झोका कोण देणार? उलट घरात दूधभाकरीपुरताही पैसा नसेल, तर नुसत्या झोक्याने मुलाचे पोट भरत नाही. म्हणजे माणसाला दोन्ही हवे आहेत. मग कोणते किती हवे? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करू या.

प्रथम पैशाबद्दल पाहू. मराठीत एक म्हण आहे, 'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही.' सोंग म्हणजे नाटकात घेतलेला वेश. माणूस राजाचे सोंग आणू शकतो, फकिराचे सोंग आणू शकतो. पण दुकानदारापुढे पैशाचे सोंग चालत नाही. घरभाडे, वीजबिल, औषधे, वह्यापुस्तके यांना खरा पैसाच लागतो. घरात कोणी आजारी पडले आणि खिसा रिकामा असला, तर काय हाल होतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. 'पैशाला काय किंमत आहे?' असे सहज म्हणणाऱ्याच्या घरी बहुधा पुरेसा पैसा असतो. म्हणून पैशाला कमी लेखणे योग्य नाही.

आता वेळेबद्दल पाहू. पैसा कोणाकडे कमी असतो, कोणाकडे जास्त असतो. वेळ मात्र सर्वांना सारखाच मिळतो. आठवड्याचे तास १६८. श्रीमंताला १६९ मिळत नाहीत आणि गरिबाला १६७ मिळत नाहीत. मग 'मला फुरसत नाही' असे आपण का म्हणतो? फुरसत हा शब्द तुमच्या उर्दूत आहे, तसाच तो मराठीतही आहे. मराठीत त्याला 'सवड' असेही म्हणतात. वेळ सर्वांजवळ असतो, पण सवड सर्वांजवळ नसते. कारण गरीब माणसाला पोटासाठी आपला वेळ विकावा लागतो. तो किती विकावा लागतो, यावर त्याची सवड ठरते.

हे समजण्यासाठी आपण जुन्या मुंबईतील एक गोष्ट पाहू. त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे नावाचे गृहस्थ एका गिरणीत भांडारपाल होते. कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. ते महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी होते आणि 'दीनबंधु' नावाचे वृत्तपत्र चालवत. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात परळ येथे कामगारांच्या सभा झाल्या. तेथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या.

त्या मागण्या अशा होत्या : दर रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्य मावळताना संपावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती यावा. कामावर इजा झाली, तर बरे होईपर्यंत पगार चालू राहावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास काही सोय व्हावी.

या यादीत काय नाही, ते पाहा. 'पगार वाढवा' अशी मागणी तिच्यात नाही! ते कामगार श्रीमंत नव्हते. त्यांना पैशाची गरज होतीच. पगार वेळेवर मिळावा, असे त्यांनी मागितलेही. पण पाचपैकी पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत. गिरणीतील विणकरांना कामाच्या मापाने मजुरी मिळत असे. त्यांच्यासाठी सुटी म्हणजे एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे होते. तरीही कामगारांना सुटी हवी होती.

मागणी लगेच मान्य झाली नाही. कामगार सहा वर्षे ती करत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची मोठी सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ साली, कारखान्यांच्या कायद्यातही आठवड्याची सुटी आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने कारखान्यातील कामाला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. त्याहून जास्त काम करून घेतल्यास दुप्पट दराने मजुरी द्यावी, असेही ठरवले. आज रविवारी आपण सुटी घेतो. त्यामागे या लोकांचे कष्ट आहेत.

आता वहीत एक हिशेब करा. समजा, एक कामगार रोज १३ तास, आठवड्याचे सातही दिवस काम करतो. १३ गुणिले ७ म्हणजे ९१ तास. झोपेचे रोज ७ तास धरले, तर ४९ तास. १६८ मधून हे दोन्ही वजा केले, की २८ तास उरतात. त्यातच जाणेयेणे, अंघोळ आणि जेवण. आता ४८ तास काम करणाऱ्याचा हिशेब करा. झोप तेवढीच धरली, तर त्याच्याजवळ ७१ तास उरतात. २८ आणि ७१ यांतील फरक ४३ तासांचा आहे. या ४३ तासांत बाप मुलाची वही पाहू शकतो, आई चार घटका बसू शकते, आजारी नातलगाची विचारपूस करता येते. घर म्हणतात ते याच तासांत घडते.

पण मित्रांनो, कारखान्याच्या कायद्यातला हा रविवार सर्वांपर्यंत पोहोचलेला नाही. त्यासाठी मुंबईला जायला नको. आपल्याच जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा तालुक्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ती निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही कर्नाटकात. निघण्याआधी मुकादमाकडून ती रक्कम घेतात. तिला 'उचल' म्हणतात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. म्हणजे तिथे माणसांचीही मोजणी हत्याराच्या नावाने होते! पहाटे अंधारात फडात जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री कोपीवर परतून चूल पेटवायची. आजारपणाने एक दिवस 'खाडा' झाला, तर त्याचे पैसे कापले जातात.

या कुटुंबांना मुलांचे प्रेम कमी आहे का? मुळीच नाही. पावसाने दगा दिला, घरी लग्न निघाले किंवा दवाखान्याचा खर्च आला, की उचल घ्यावी लागते. उचल म्हणजे पुढच्या पाच-सहा महिन्यांचा वेळ आधीच विकणे. मुलांना सोबत न्यावे, तर शाळा सुटते. मागे ठेवावे, तर आईबाप दुरावतात. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय केली जाते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. तिच्या पहिल्या टप्प्यात आपल्या जालना जिल्ह्याचाही समावेश आहे. तुमच्या वर्गातील कोणाचे कुटुंब ऊसतोडीला जात असेल, तर त्याला ही माहिती जरूर सांगा.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. पैसा आणि सवड एकमेकांचे शत्रू नाहीत. पैसा अगदी कमी असला, की माणसाची सवडही त्याच्या हाती राहत नाही. म्हणून गरजेपुरता पैसा मिळवलाच पाहिजे. आपला वेळ दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ नये, हा पैशाचा मोठा उपयोग आहे.

पण गरज भागल्यावर काय करायचे? येथे अनेकांची गल्लत होते. पोटापुरते मिळाले तरी हाव थांबत नाही. शेजाऱ्याकडे मोटारसायकल आली, म्हणून आपल्याकडे हवी. त्यासाठी कर्ज, कर्जासाठी जादा काम आणि जादा कामामुळे मुलांची भेट फक्त ती झोपलेली असताना! तुम्ही उर्दूत 'चादर देखकर पाँव फैलाओ' असे म्हणता. मराठीत 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असे म्हणतात. दोन भाषांनी एकच गोष्ट सांगितली आहे. जुम्म्याच्या दिवशी बाजारात पाहा. नमाजची वेळ झाली, की दुकानदार गल्ला बंद करून मशिदीत जातो आणि नमाजनंतर पुन्हा दुकान उघडतो. त्याला व्यापार सोडायचा नसतो. व्यापार कोठे थांबवायचा, एवढे तो जाणतो. तसेच घरासाठीही थांबता आले पाहिजे.

काहींचे वडील परगावी किंवा परदेशी नोकरी करतात. त्यांच्या पैशावर घर चालते, बहिणीचे शिक्षण होते. त्यांना दोष देऊ नका. ते आपली सवड तुमच्यासाठी खर्च करत आहेत. त्यांचा फोन आला, की केवळ 'पैसे कधी पाठवता?' असे विचारू नका. त्यांचे जेवण झाले का, तब्येत कशी आहे, तेही विचारा.

शेवटी तुमच्याविषयी. नववी-दहावीत असताना कधी कोणी म्हणते, 'शाळेत काय ठेवले आहे? गॅरेजवर ये, रोज पैसे मिळतील.' चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. त्यापुढचे मूल असले, तरी हिशेब करून पाहावा. आज मिळणारी मजुरी दिसते, पण शाळा सोडल्याने पुढे किती तास स्वस्तात विकावे लागतील, ते दिसत नाही. शिक्षण किंवा चांगला हुनर हाती असला, तर त्याच तासाला जास्त मोल मिळण्याची आशा असते. घरची अडचण खरीच मोठी असली, तर काम करावे लागते. त्यात लाज नाही. पण तेव्हाही शिक्षणाचे दार पूर्ण लावू नका. १७ नंबरचा अर्ज भरून दहावीची परीक्षा बाहेरून देता येते. त्याबद्दल आपल्या शिक्षकांना विचारा.

आज घरी गेल्यावर एक काम करा. वहीच्या पानावर १६८ हा आकडा लिहा. तुमच्या घरात कमावणारे कोण आहे, ते किती तास काम करतात आणि किती तास झोपतात, ते विचारून वजाबाकी करा. आईचाही हिशेब मांडा. स्वयंपाक, धुणीभांडी आणि पाणी भरणे हेही कामच आहे, हे विसरू नका. उत्तर फार लहान आले, तर तिच्या कामातील एखादे काम आपल्या अंगावर घ्या. पैसा मिळवायला तुम्हांला अजून काही वर्षे लागतील. पण घरातील कोणालातरी अर्ध्या तासाची सवड तुम्ही आजच मिळवून देऊ शकता.