धान्याची बिअर, झाडाची ताडी

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात पहाटे ताडाच्या शेंड्यावरून खाली उतरणारे मडके गोड रसाने भरलेले असते. सायंकाळपर्यंत त्याच रसाची ताडी होते. त्यासाठी भट्टी पेटवावी लागत नाही की बाहेरून काही मिसळावे लागत नाही. पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळी मात्र बार्लीपासून घरी बिअर करण्यासाठी सुटीचा अख्खा दिवस खर्ची घालतात. दोन्ही पेये आंबवूनच तयार होतात. मग कष्टांत एवढा फरक का? याचे उत्तर साखर आणि पिष्ट यांच्यातील भेदात आहे.

पिष्टाची साखर

यीस्ट हा सूक्ष्मजीव साखर खाऊन अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतो. धान्यात साखर जवळपास नसते, असते ते पिष्ट, आणि बिअरचे यीस्ट पिष्ट पचवू शकत नाही. म्हणून बार्ली भिजवून तिला मोड आणतात व ती वाळवतात. यालाच माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात पिष्ट तोडणारी विकरे तयार होतात. हौशी मंडळी सहसा तयार माल्ट विकत घेतात. भरडलेला माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला, की ही विकरे पिष्टाची साखर करतात. पाणी फार तापले तर विकरे निकामी होतात. फार थंड राहिले तर काम अर्धवट राहते. घरच्या बिअरची खरी परीक्षा येथेच असते.

हा गोड अर्क गाळून, हॉप्सची फुले घालून तासभर उकळतात. हॉप्समुळे कडवटपणा येतो आणि टिकाऊपणाही वाढतो. अर्क थंड करून त्यात यीस्ट घातल्यावर बिअर आंबण्यास एक ते दोन आठवडे लागतात. २० लिटर बिअरसाठी चार ते पाच किलो माल्ट पुरतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करण्यासाठी परवाना लागत नाही, तर अमेरिकेत १९७९ पासून संघीय कायद्याने तशी मुभा आहे.

रसाची घाई

ताड व शिंदीच्या रसात साखर मुळातच असते. ताडाचा फुलोरा रोज थोडाथोडा छाटून त्याखाली मडके बांधतात. हवेतील व मडक्यातील यीस्ट आणि जिवाणू रस ठिबकू लागताच कामाला लागतात. काही तासांत ताडी तयार होते आणि एक-दोन दिवसांत ती आंबट होऊन व्हिनेगरच्या वाटेला लागते. बिअर करणाऱ्याला आंबवण्याची प्रक्रिया घडवून आणावी लागते, तर गोड नीरा हवी असणाऱ्याला ती रोखावी लागते. त्यासाठी मडक्याला आतून चुना लावतात आणि सूर्योदयापूर्वीच रस उतरवतात.

वारली समाजात ताडीला सण-समारंभांत स्थान आहे. ताडावर चढणारा माणूस वारली चित्रांतही दिसतो. मात्र झाड आपले असले, तरी कायदा आडवा येतो.

एकच कायदा

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० मध्ये राज्ये वेगळी झाल्यावरही महाराष्ट्र व गुजरात या दोघांनी कायम ठेवला. गुजरातने पूर्ण दारूबंदी पाळली; महाराष्ट्राने परवाना पद्धत स्वीकारली. त्यामुळे गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या तलासरीत ताडी परवान्याने मिळते. परंतु परवान्याविना ताडी काढणे किंवा घरी बिअर आंबवणे, दोन्ही गुन्हे आहेत. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलालीसारख्या लघुमद्यनिर्मिती केंद्रांनाही परवाना घ्यावाच लागतो. डहाणू व तलासरी हे अनुसूचित क्षेत्र असल्याने १९९६ च्या पेसा कायद्यानुसार मद्याच्या विक्रीवर व सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार येथील ग्रामसभांनाही आहे.

धोका दुसरीकडेच आहे. झाडावरून येणारी ताडी कमी पडली, की पाण्यात क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायने मिसळून बनावट ताडी विकली जाते. हे मिश्रण जीवघेणे ठरू शकते.

खादी व ग्रामोद्योग आयोगाने जून २०२० मध्ये डहाणूत नीरा व ताडगूळ निर्मितीचा प्रकल्प सुरू केला. २०० स्थानिक कारागिरांना सात दिवसांचे प्रशिक्षण व साहित्यसंच देण्यात आले. संचात कढई, साचे, बर्नर, दोर व सुरी यांचा समावेश होता. रस वेळेत कढईत पडला तर त्याचा टिकाऊ गूळ होतो. उशीर झाला तर ताडी. झाडावर चढणाऱ्याची कमाई या काही तासांवरच अवलंबून असते. नीरा शहरापर्यंत न्यायची असेल, तर ती झाडाखालीच थंड करण्याची सोय हवी. ती उभी राहिली, तरच जीव धोक्यात घालून उतरवलेल्या रसाला योग्य मोल मिळेल.