छप्पर गळतंय की घामेजलंय

सकाळी ६:१५
एप्रिलचा पहिला आठवडा. क्युबेकमधल्या ब्रॉसार्डात अजून उणे चार आहे. रस्त्याकडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग उरलेत. छपरं दुरुस्त करणारा तो व्हॅनवर चोवीस फुटी शिडी बांधतो आणि सामान तपासतो. डोक्याला बांधायची टॉर्च, गुडघ्यांचे पॅड, मास्क, खडू, सुरी, छोटी पहार. अंगभर चढवायचा पांढरा कागदी डगला आठ डॉलरला पडतो. मालक दिवसाला एकच देतो. आज अ‍ॅटिक (छपराखालचे माळे) दोन आहेत, म्हणून दुसरा त्याने स्वतः घेतलाय. लाकडातली ओल मोजायचा मीटरही त्याचा स्वतःचा, साठ डॉलरचा.

मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. वडिलांबरोबर दरवर्षी मेमध्ये घराची शाकारणी करायचा, त्यामुळे कौलांवरून चालायची पायांना सवय. इथे तो एका छप्परवाल्याकडे तासाला ३२ डॉलरवर आहे. हिवाळा संपला की मालकाचा फोन दिवसभर वाजतो. प्रत्येकाची तक्रार एकच असते, छप्पर गळतंय.

सकाळी ७:००
‘एस’ वस्ती. ब्रॉसार्डात एका वस्तीतल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. घर मराठी कुटुंबाचं. काकूंनी चहा टाकलाय, पण तो आधी वर जाणार. उन्हाने छप्पर तापायच्या आत अ‍ॅटिक बघायचं असतं.

“काकू, शेवटचा पाऊस कधी झाला?”

“गुरुवारी. पण पाणी टपकायला लागलं रविवारी. लख्ख ऊन होतं हो! मला तर कळेचना.”

त्याने फक्त मान हलवली. अर्धं उत्तर त्याला तिथेच मिळालं होतं.

कपाटातल्या झाकणातून तो वर सरकतो. आज त्याच्यासोबत आलेली मी स्टुलावर उभी राहून झाकणातून डोकं वर काढते. आत उभं राहता येत नाही. तुळईवरून तुळईवर गुडघे टेकत जायचं. पाय चुकला तर खालचं सीलिंग फुटून थेट बेडरूममध्ये. टॉर्चचा झोत वासे आणि प्लायवूडवर फिरतो आणि सगळं चमकतं. छपरावरच्या पट्ट्या, म्हणजे शिंगल, ठोकलेले शेकडो खिळे प्लायवूडमधून खाली आलेत. प्रत्येकाच्या टोकावर बर्फाचा पांढरा मणी.

“हे बघा. गळती असती तर एका जागी असती.”

गळतीचं पाणी वाट धरतं. चिमणीपाशी, पाइपाच्या बुंध्याशी किंवा दोन पाखी मिळतात त्या पन्हळीत ते आत शिरतं, वाशावरून एक रेघ ओढत उतरतं आणि सीलिंगवर तपकिरी कडांचा डाग पाडतं. इथे तशी रेघ नाही. उत्तरेकडच्या पाख्यावर, जिथे ऊन कमी लागतं, तिथे प्लायवूडवर काळी बुरशी पसरलीय. खिळे गंजलेत. खालच्या उष्णतारोधक सेल्युलोजच्या थरावर प्रत्येक खिळ्याखाली एकेक छोटा खळगा. थेंब पडून पडून झालेला. तो मीटरची दोन टोकं प्लायवूडमध्ये रोवतो. उत्तरेला २४ टक्के, दक्षिणेला १४. वीसच्या वर गेलं की लाकूड कुजायची भीती.

घरातली दमट, उबदार हवा हिवाळाभर फटींतून वर येते. दिव्यांच्या भोकांतून, भिंतींच्या माथ्यांवरून, झाकणाच्या कडांतून. वर थंडगार लोखंड आणि लाकूड भेटलं की तिचं तिथेच दव गोठतं. जानेवारीत ते कुणाला दिसत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते वितळतं आणि कोरड्या दिवशी घरात पाऊस पडतो. त्याच्या गावाकडे पाणी फक्त वरून यायचं. इथे खालून चढतं आणि मग उतरतं.

कोपऱ्यात पोचल्यावर तो मला हाक मारतो. बाथरूमच्या पंख्याची नळी छपराबाहेर जायला हवी. ती जोडातून सुटून सेल्युलोजवर आडवी पडलीय. रोजच्या आंघोळींची वाफ थेट अ‍ॅटिकमध्ये.

सकाळी ८:१०
आता चहा. काकू विचारतात, “म्हणजे नवीन छप्पर नको?” आधी आलेल्या कुणीतरी त्यांना १४ हजार डॉलर सांगितले होते. तो माणूस अंगणात उभा राहून, वर न चढताच सांगून गेला.

“शिंगल चांगल्या आहेत, काकू. अजून बरीच वर्षं जातील. पंखा आंघोळीनंतर किती वेळ चालू असतो?”

“लगेच बंद करते. आवाज फार होतो.”

“अर्धा तास चालू द्या. कपडे कुठे वाळत घालता?”

“तळघरात. थंडीत दुसरी जागा कुठेय?”

भिंतीवरचा काटा घरात ५२ टक्के आर्द्रता दाखवतोय. कडाक्याच्या थंडीत ती तीसच्या आसपास हवी. खिडक्यांच्या काचांवर पाणी यायला लागलं की तीच आर्द्रता जास्त झाल्याची खूण. काकू हे वहीत लिहून घेतात. मला ते फार आवडलं.

सकाळी ८:४०
दुरुस्ती. आवरण घातलेली चार इंची नवी नळी ४५ डॉलर, पट्टे आणि फॉइलची टेप १८, झाकणाच्या कडेला लावायची फोमपट्टी ९, फटींत मारायच्या फोमचे दोन डबे २६. पागोळ्यांच्या आतल्या बाजूला सेल्युलोज सरकून हवेच्या जागा बुजल्यात. तो पोटावर झोपून हाताने ते मागे ओढतो आणि वाशांच्या मधे थर्माकोलच्या पन्हळी बसवतो, म्हणजे खालून आलेली हवा आढ्याकडे जाईल. नियम साधा आहे. सीलिंगच्या तीनशे चौरस फुटांमागे एक चौरस फूट हवेची वाट. बाराशेच्या घराला चार. यांना दीडच उरली होती. डगला काळा होतो. मास्क भिजतो.

सकाळी ११:००
दुसरं घर, ‘आर’ वस्ती. ही खरी गळती. पाऊस आला की तासाभरात डाग वाढतो आणि तो एकाच जागी आहे. आता सात अंश झालेत. शिंगल थोड्या मऊ झाल्या की मगच उचलायच्या, गारठ्यात त्या तडकतात. बाहेरचा नळ हिवाळ्यासाठी बंद असतो. घरमालक तळघरातला कॉक उघडून देतात. मग होज. खालून सुरुवात करायची, एका जागी दहा-पंधरा मिनिटं, मग वर सरकायचं. वरून सुरू केलं तर पाणी कुठून शिरलं ते कळतच नाही. अ‍ॅटिकमध्ये घरमालकाचा मुलगा टॉर्च घेऊन बसलाय. पाइपाच्या बुंध्याशी पाणी पोचतं आणि आतून ओरड येते. रबराची कॉलर तडकलीय. नवी २५ डॉलरला. चाळीस मिनिटांत काम संपतं.

दुपारी १:००
व्हॅनमध्ये डबा. पोळी, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. गुडघ्याला बर्फाची पिशवी. जेवता जेवता तो सांगतो, जुन्या घरात कधीकधी सेल्युलोजच्या जागी सोनेरी-तपकिरी चकचकीत दाणे दिसतात. ते व्हर्मिक्युलाइट. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ती खाण १९९०मध्ये बंद झाली, माल अजून घराघरांत आहे. दाणे दिसले की तो हात न लावता खाली उतरतो. आधी तपासणी, मग काम. त्या दिवसाचे तास मात्र बुडतात.

दुपारी २:००
तिसरं घर अवघड. बाहेरच्या भिंतीलगत सीलिंगवर एकात एक तीन कडा असलेला डाग, फेब्रुवारीतला. मीटर ११ दाखवतो, म्हणजे आता कोरडा. संशयित दोन. पागोळ्यांशी हवेची वाट बंद आहे. घरातली ऊब वर जाऊन छपरावरचा बर्फ वितळवत असेल, ते पाणी थंड कडेला पुन्हा गोठून बांध घालत असेल आणि मागे तुंबून शिंगलांखाली शिरत असेल. पण चिमणीच्या पत्र्याचा सांधाही उघडलाय. होज लावायची तर नळाचा कॉक गंजून बसलाय. मालकाला फोन. मालक म्हणतो, दोन्ही दुरुस्त्या लिहून दे. तो लिहीत नाही. पत्र्याचा फोटो काढतो, डागाभोवती खडूने रेघ मारून तारीख घालतो.

संध्याकाळी ४:३०
व्हॅनच्या स्टिअरिंगवर वही ठेवून रिपोर्ट. प्रत्येक तपासणीचे १८० डॉलर, त्यावर केंद्राचा ५ टक्के आणि क्युबेकचा ९.९७५ टक्के कर, मिळून २०६.९६. आज नवं छप्पर एकही विकलं गेलं नाही, हे मालक फोनवर दोनदा बोलून दाखवतो. तो म्हणतो, तिसऱ्या घराचं गुरुवारी सांगतो.

गुरुवारी पावसाचा अंदाज आहे. तिथल्या घरमालकिणीला त्याने सांगून ठेवलंय, थेंब पडला तर वेळ लिहा आणि मला लगेच फोन करा, मी ओल्यातच येतो.