छोटी सुरी, मोठी परीक्षा: ट्रेकच्या सामानातलं पातं कसं पारखावं

(सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

माझ्या हातात ही जी वस्तू आहे, ती नीट बघून घ्या. पातं साधारण साडेतीन इंच, पाठीकडे जाडी चार मिलिमीटर, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. दुकानात हिला ‘सर्व्हायव्हल नाइफ’ म्हणतात. आपल्याकडे बरेच जण घडीचा तो चाकू आणि न मिटणारी ती सुरी असा फरक करतात, म्हणून आज मी हिला सुरीच म्हणणार आहे.

पुण्यात गेली काही वर्षं ‘कोयता’ हा शब्द शेतापेक्षा गुन्ह्यांच्या बातम्यांमध्येच जास्त भेटतो. त्यामुळे धारेच्या वस्तूबद्दल जाहीर बोलायचं म्हटलं की लोक जरा सावरून बसतात. पण दर शनिवारी रात्री शहरातून राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगडाकडे निघणाऱ्या कित्येक सॅकमध्ये अशी एक सुरी असते. ती व्हिडिओ बघून घेतलेली असते आणि तिची परीक्षा कोणीच घेतलेली नसते. आज तेवढंच बोलायचंय: ही सुरी आपल्या डोंगरात नक्की कुठल्या कामाची, आणि ते घरीच कसं तपासायचं.

आधी काम, मग सुरी

व्हिडिओत काय दाखवतात? सुरीवर ओंडका आपटून लाकूड फोडतात, फांद्या तोडून झोपडी करतात, ठिणगी पाडून शेकोटी पेटवतात. ते जंगल वेगळं, तिथली थंडी वेगळी. आपल्या मावळातला माणूस फांदी तोडायला काय वापरतो? कोयता. कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी, तिच्यात अडकवलेला कोयता. त्याचं वजन अर्धा किलो किंवा त्याहून जास्त, आणि तेही पुढच्या टोकाकडे. घाव वजनाने बसतो. सव्वाशे ग्रॅमच्या सुरीने फांदी तोडायला गेलात, तर हात दुखेल, फांदी तशीच राहील.

म्हणून मी मित्रांना एक यादी करायला सांगितली: मागच्या दहा ट्रेकमध्ये धार कशाकशाला लागली? सगळ्यांच्या याद्या जवळजवळ सारख्या आल्या. कांदा, टोमॅटो, काकडी. दोरी. पाकिटं. सॅकचा तुटलेला पट्टा. चिकटपट्टी आणि बँडेज. लाकूड फोडणं एकाच्याही यादीत नव्हतं. म्हणजे परीक्षा या कामांची घ्यायला हवी.

परीक्षा पहिली: धार टिकते का?

नवी सुरी कागद कापते, त्यात काही विशेष नाही. प्रश्न असा की काम झाल्यावर कापते का. काथ्याचा सुंभ घ्या, बोटाएवढा जाड. लाकडी पाटावर ठेवून वीस वेळा कापा आणि मग वर्तमानपत्राचं पान कापून बघा. पुन्हा वीस, पुन्हा पान. पान सरळ कापलं जाण्याऐवजी फाटायला लागलं की थांबा आणि आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या सुरीलाही सुंभ तोच, पाट तोच आणि हातही तोच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

इथे पोलादाबद्दल थोडं सांगतो. ‘पाणीदार’ हा शब्द आपण माणसालाही लावतो, पण पात्याचं पाणी ही लोहाराकडची गोष्ट आहे. लालबुंद पातं पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा बेताने, साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, म्हणजे थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. पाणी जास्त राहिलं तर धारेचे टवके उडतात, कमी पडलं तर धार वळते. टवके उडाले असतील तर ते नखाला खरखरीत लागतात. धार वळली असेल तर ती दिव्याखाली पांढऱ्या रेघेसारखी चमकते. खऱ्या धारेवर उजेड थांबतच नाही. त्यामुळे सुंभ कापून झाल्यावर पातं दिव्याखाली धरायचंच.

परीक्षा दुसरी: ओला हात

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही एका गडावर मुक्कामाला होतो. अंधार, धुकं, सगळे भिजलेले. एका मित्राने ओली दोरी कापायला सुरीचं टोक तिच्यात खुपसलं. दोरी कडक होती, सुरी थांबली आणि हात पुढे घसरला. मुठीला पुढे अडसर नव्हता. दोन बोटं आतल्या बाजूने कापली गेली. रक्त थांबलं, पण करंगळी वाकेना. बोटं वाकवणारे स्नायुबंध तळहाताच्या बाजूने, अगदी कातडीखालून जातात. ते तुटले तर जखम छोटी दिसते आणि बोट निकामी होतं. खाली उतरायला सकाळ झाली, नंतर शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने व्यायाम चालला. ती करंगळी आजही पूर्ण मिटत नाही.

सुरी भरपूर धारदार होती, दोष मुठीत होता. आणि तो घरी दोन मिनिटांत कळला असता. पात्यावर जाड पुठ्ठा गुंडाळा, वरून चिकटपट्टी लावा, धार आणि टोक पूर्ण झाकलं पाहिजे. हाताला खोबरेल तेल लावा. आता सुरीचं टोक जाड लाकडावर टेकवून जोर द्या. हात पुढे सरकला, तर ती सुरी कितीही देखणी असो, ट्रेकला नेऊ नका. छोट्या सुरीत ही अडचण जास्त येते. सामान आटोपशीर करायच्या नादात मूठ इतकी आखूड करतात की करंगळीला जागाच उरत नाही. चारही बोटं मुठीवर बसलीच पाहिजेत.

परीक्षा तिसरी: म्यान

सुरी म्यानात घालून उलटी धरा आणि जोरात झटका द्या. हे गादीवर करा, पाय लांब ठेवा. पडली तर म्यान बाद. दुसरं, म्यानाच्या तळाला पाणी निघून जायला भोक आहे का बघा. कातडी म्यान छान दिसतं, पण आपल्या पावसात दिवसभर ओलं राहतं आणि पातं आत गंजतं.

परीक्षा चौथी: स्वयंपाक

गाजर कापून बघा. चार मिलिमीटर जाडीचं पातं गाजर कापत नाही, चिरफाळतं, कडकन आवाज येतो. टोमॅटो चेपतो. घरातली सुरी दीड-दोन मिलिमीटरची असते, म्हणून ती सुरेख चालते. जाड पातं हे लाकूड फोडण्यासाठी केलेलं असतं, आणि ते काम तर आपल्या यादीत नाही! मग तो जाडपणा आपण कशासाठी वाहून न्यायचा? माझ्या परीक्षेत दोन-अडीच मिलिमीटरची साधी सुरी या महागड्या सुरीपेक्षा सरस ठरली.

परीक्षा पाचवी: एक पावसाळी रात्र

पात्याला लिंबू आणि मीठ लावा, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. साध्या कार्बन पोलादावर सकाळी तांबूस गंज दिसेल. स्टेनलेस म्हणजे ज्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम आहे ते. ते बहुधा स्वच्छ निघेल, निदान डागांवर भागेल. कार्बन पोलाद वाईट नाही. ते दगडावर पटकन पाजवता येतं. पण रोज पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा कंटाळा असेल, तर सह्याद्रीच्या पावसाळ्यात स्टेनलेस बरं.

परीक्षा सहावी: कपडा आणि पट्टा

जखमी माणसाची पँट कापायची आहे असं समजा. जुनी जीन्स उशीला घाला आणि कापून बघा. मी केलं तेव्हा उशीला तीन ठिकाणी भोकं पडली. त्या जागी पाय असता तर? बोथट टोकाची प्रथमोपचाराची कात्री मात्र सरळ चालत गेली. सुरीच्या व्याख्यानात कात्रीची बाजू घेतोय, पण निकाल तसाच आला. सॅकचा नायलॉनचा पट्टा, ताणून धरलेला असेल तर, सुरीने छान कापला जातो.

कायदा

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांमध्ये येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वगळून. आपली सुरी या मापात बसत नाही. पण म्हणून ती कमरेला लावून शहरात फिरायची असा अर्थ होत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात. विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही. म्यानात, सॅकच्या तळाशी, स्वयंपाकाच्या सामानाबरोबर ठेवा.

दुसरी गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातल्या ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत सुरीही आहे, आणि कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. भीमाशंकर, ताम्हिणी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सगळी अभयारण्यं आहेत. तिकडे जाताना वन विभागाला आधी विचारा किंवा सुरी घरी ठेवा आणि भाजी चिरून न्या. राखीव जंगलात झाड तोडणं आणि आग पेटवणं हाही गुन्हाच. म्हणजे व्हिडिओतली निम्मी कामं आपल्याकडे करायचीच नाहीत.

प्रश्नोत्तरे

सर, मग घडीचा चाकू का नको?

चालेल की. फक्त सांध्यात चिखल जातो आणि खटका ढिला झाला की पातं बोटांवर मिटतं. न मिटणाऱ्या सुरीला सांधा नाही, धुवायला सोपी, हाच तिचा खरा फायदा. घेताना पातं मुठीत शेवटपर्यंत गेलंय का, ते मात्र विचारा.

लोहाराकडून बनवून घेतली तर?

जरूर घ्या. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद चिवट असतं, पण ते गंजतं. जाडी कमी ठेवायला सांगा आणि मूठ तुमच्या हाताच्या मापाची करा. बाकी परीक्षा त्याच.

कापलंच तर पहिलं काय करायचं?

स्वच्छ कापड ठेवून जखम घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा. मध्येच उघडून बघू नका. हळद, कॉफी काही भरू नका. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर रक्त थांबलं तरी ट्रेक तिथेच संपवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आमच्याकडून त्या रात्री नेमका इथेच वेळ गेला. रक्त थांबलं म्हणून आम्हाला वाटलं, झालं.

घरी गेल्यावर तुमची सुरी काढा, पातं पुठ्ठ्यात गुंडाळा आणि हाताला तेल लावा. एवढी एक परीक्षा आजच करा.