माळ आधीपासून माळच होता का?

क्रूगर नॅशनल पार्कचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेले असतात. गुडघाभर पिवळं गवत, मधे मधे काटेरी झाडं, त्यातून निवांत चाललेले हत्ती. ते बघून ‘काय निसर्ग आहे!’ म्हणणारा माणूस मिरजेतून पंढरपूर रस्त्याने दंडोबाच्या डोंगराकडे निघाला, की तसंच पिवळं गवत आणि बाभळी-हिवर बघून म्हणतो, ‘नुसतं उजाड आहे, झाडं लावायला पाहिजेत.’

सलग गवत, विखुरलेली झाडं, लांबलचक कोरडा ऋतू, अधूनमधून आग आणि चरणारी जनावरं असा जो प्रदेश असतो त्याला सॅव्हाना म्हणतात. आफ्रिकेतल्या सॅव्हानाला आपण जंगल म्हणून मान देतो. आपल्याकडच्या सॅव्हानाची सरकारी कागदावर बऱ्याचदा ‘पडीक जमीन’ अशी नोंद होते. मग तिथे चर खोदले जातात, गिरीपुष्प लावलं जातं किंवा सोलर पॅनेल उभे राहतात. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांची चराई बंद होते, लांडगा-खोकडाची जागा जाते. म्हणून ‘इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसाने तोडलं’ हे वाक्य खरं की खोटं, याला महत्त्व आहे. पीएचडीच्या प्रपोजलमध्ये ते अनेकजण पहिल्याच परिच्छेदात गृहीत धरून लिहितात. खरं तर तोच संशोधनाचा प्रश्न असायला हवा.

गृहीतक पुराव्याचं काय करू शकतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आफ्रिका खंडातच आहे, पण ते निसर्गाचं नाही. आजच्या झिंबाब्वेमध्ये ग्रेट झिंबाब्वे नावाचे दगडी अवशेष आहेत. ग्रॅनाइटचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचून केलेल्या भिंती, काही ठिकाणी 11 मीटरपर्यंत उंच. हे बांधकाम साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकातलं. गोऱ्या वसाहतवाल्यांना हे आफ्रिकन लोकांनी बांधलं असेल हे पटेना. फिनिशियनांनी बांधलं, शेबाच्या राणीने बांधलं, असं काहीही. 1902 मध्ये रिचर्ड हॉल नावाचा माणूस तिथे क्युरेटर म्हणून आला. खरा प्राचीन थर खाली आहे आणि वरचा सगळा अलीकडच्या स्थानिक वस्तीचा कचरा आहे, असं त्याचं मत होतं. म्हणून त्याने वरची माती साफ करून फेकून दिली. तो ‘कचरा’ म्हणजेच बांधणाऱ्यांच्या वस्तीचा पुरावा होता! 1905 मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उरलेल्या शाबूत थरांत पद्धतशीर खोदून हे बांधकाम आफ्रिकनच आहे हे दाखवून दिलं. पण हॉलने फेकलेली माती परत आली नाही. (जाता जाता: त्या काळात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर भारतातून काचेचे मणी जायचे, आणि आपल्या कोकणातल्या चौलला मिळालेल्या काचेची रासायनिक घडण तिकडच्या काही मण्यांशी जुळते. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या.)

माळावर जेसीबीने चर मारणं हे मला हॉलच्या फावड्यासारखंच वाटतं. जुन्या मातीचे थर एकदा उलटेपालटे झाले की ‘आधी इथे काय होतं’ हे सांगणारा साक्षीदार गेला.

मग हा प्रश्न तपासायचा कसा? एक रस्ता माती. झाडं आणि बहुतेक सॅव्हाना-गवतं प्रकाशसंश्लेषण वेगवेगळ्या पद्धतीने करतात. झाडं सी-थ्री, ही गवतं सी-फोर. त्यामुळे त्यांच्या कुजलेल्या अवशेषांत कार्बन-13 चं प्रमाण वेगळं राहतं: झाडांचं साधारण उणे 27, गवतांचं उणे 13 च्या आसपास (एकक प्रति हजार). खोल थरातली माती घेऊन हा आकडा काढला आणि त्याच थरातल्या कोळशाचं वय मोजलं, तर त्या काळी गवत जास्त होतं की झाडं, याचा अंदाज येतो. आता सांगली जिल्ह्यातली गंमत बघा. ऊस सी-फोर, ज्वारी सी-फोर, बाजरी आणि मकाही सी-फोर. नांगरलेल्या रानातली वरची माती घेतलीत तर तुमच्या आलेखात ‘प्राचीन गवताळ प्रदेश’ म्हणून उसाचं पाचट दिसेल. म्हणजे जागा कधीच न नांगरलेली हवी, आणि ती शोधायला यंत्रापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जास्त उपयोग होतो.

दुसरा रस्ता मला स्वतःला फार आवडला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या जर्नलमध्ये एक पेपर छापला. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं मराठी साहित्य, म्हणजे ओव्या, कथा, चरित्रं चाळून त्यात कोणत्या रानटी वनस्पती येतात ते काढलं. 44 प्रजाती मिळाल्या. त्यांतल्या 27 सॅव्हानाच्या, 14 कुठेही वाढणाऱ्या आणि फक्त 3 जंगलाच्या. यातलं सर्वांत जुनं साहित्य साडेसातशे वर्षांपूर्वीचं. म्हणजे इंग्रज येऊन झाडं तोडायच्या कितीतरी आधी इथे हिवर-बाभळी होत्या. एकट्या साहित्यावर विसंबू नये हे खरंच. कवीला हिवर आठवला म्हणून तिथे दुसरं झाड नव्हतं असं होत नाही. म्हणून त्यांनी हा पुरावा इतर प्रकारच्या पुराव्यांशी ताडून बघितला. या पेपरसाठी महागडी लॅब नाही, वाचनाची चिकाटी लागली, हे नोंदवून ठेवा.

आता ‘आग लावतात म्हणून झाडं वाढत नाहीत’ हा आक्षेप. यावर क्रूगरमध्ये 1954 पासून प्रयोग चालू आहे. सुमारे 7 हेक्टरचे तुकडे. काही दरवर्षी जाळायचे, काही दोन-तीन वर्षांनी, काही अजिबात नाही. आग थांबवल्यावर झुडपं किती दाटतात हे पावसाप्रमाणे बदलतं, असं त्यातून दिसलं. आपल्यासाठी हा मुद्दा मोठा आहे. कारण एकाच सांगली जिल्ह्यात शिराळ्याकडे चांदोलीचं सदाहरित रान आहे आणि जत-आटपाडीकडे टँकर. चांदोलीचं उत्तर जतला लावता येत नाही.

या दोन टोकांच्या मधे सागरेश्वर. मिरजेतून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेने ताकारी स्टेशनला उतरलं की जवळच. धों. म. मोहिते यांच्या खटपटीतून उघड्या डोंगरावर उभं राहिलेलं, 1985 मध्ये घोषित झालेलं, 10.87 चौरस किलोमीटरचं अभयारण्य. पायथ्याशी जुन्या शिवमंदिरांचा समूह. चितळ, सांबर, काळवीट सगळं एकाच कुंपणात. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण संशोधक म्हणून तिथे फिरताना एक प्रश्न सोबत ठेवा: चितळाला झाडोरा लागतो, काळविटाला मोकळा माळ, झाडी दाटत गेली तर या दोघांचं काय होतं? कुंपण असल्यामुळे प्राण्यांचं बाहेर जाणं-येणं मर्यादित राहतं, त्यामुळे एमएस्सीच्या प्रोजेक्टला ही चांगली जागा आहे.

फक्त सहल आणि फील्डवर्क यांच्यात कायदा आडवा येतो. तिकीट काढून फोटो घेता येतात. पण अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, मातीचे नमुने घ्यायचे असतील तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. त्याला वेळ लागतो. उन्हाळ्यात नमुने हवे असतील तर दिवाळीच्या आतच अर्ज टाका, सोबत गाइडचं पत्र आणि नकाशा जोडून.