खामकाठचा बाजार कोणासाठी सजणार?

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी हे शहर वसवायला घेतले, तेव्हा त्याने सर्वांत आधी काळजी केली ती पाण्याची. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालचे पाणी शोधून ते खापराच्या नळांमधून मोहल्ल्यामोहल्ल्यात पोहोचवणारी नहर-ए-अंबरी आजही जाणकारांना थक्क करते. या शहराचे नाव पुढे फतेहनगर झाले, 1653 नंतर औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, पण शहराच्या पश्चिम अंगाने वाहणारी खाम नदी तीच आहे. तिच्यावरचे जुने पूल आणि त्या पुलांच्या तोंडाशी उभे असलेले मकाई, महमूद आणि बारापुल्ला दरवाजे पाहिले की एक गोष्ट लगेच कळते. या शहराचे तोंड एके काळी नदीकडे होते. येणारा पाहुणा आधी नदी ओलांडायचा, मग दरवाजातून बाजारात शिरायचा.

आज शहराची पाठ नदीकडे आहे. काठावरच्या घरांच्या खिडक्या तिकडे उघडत नाहीत. आम्ही वर्गात मुलांना विचारले, आपल्या शहराची नदी कोणती? बहुतेकांनी गोदावरी लिहिले. खामच्या पुलावरून रोज शाळेत येणाऱ्या मुलांनीही तेच लिहिले. त्यांचे तरी काय चुकले? घरात सगळे तिला ‘नाला’ म्हणतात, मुलांनी नदी शब्द ऐकायचा कुठून?

जटवाड्याच्या डोंगरांत उगम पावून, हर्सूल तलाव भरून खाम शहरात येते. बेगमपुरा, पाणचक्की, छावणी असा प्रवास करून ती वाळूजकडे वळते आणि शेवटी जायकवाडीच्या नाथसागराला मिळते. आपल्या नळाला येणारे पाणीही त्याच नाथसागरातून येते. म्हणजे जे आपण पुलावरून खाली टाकतो, ते फिरून आपल्याच घराच्या दिशेने येते. वाटेत शुद्धीकरण केंद्र आहे म्हणून निर्धास्त राहायचे असेल तर राहावे, आम्हाला ते जमत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र चित्र हलले आहे, हे मोकळ्या मनाने सांगायला हवे. 2021 पासून महानगरपालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि वाळूजचा वेरॉक उद्योगसमूह यांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. पात्रातला कचरा आणि राडारोडा उपसला, वाहत येणारे प्लास्टिक अडवायला जाळ्या लावल्या, काठाला उतार आणि दगडी बांध दिले, देशी झाडे लावली. लोखंडी पुलाजवळ तर बाग उभी राहिली. जिथे नाक धरून जावे लागायचे, तिथे संध्याकाळी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले दिसतात. या कामाची दखल परदेशातही घेतली गेली. इकडे स्मार्ट सिटी योजनेतून काही जुन्या दरवाजांची आणि शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याचीही डागडुजी झाली.

नदी सुधारते आहे, दरवाजे उजळले आहेत. आता प्रश्न बाजाराचा आहे, आणि आमच्या मते खरी कसोटी तिथेच लागणार आहे.

पाणचक्कीचे उदाहरण घ्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की लांबच्या झऱ्याच्या पाण्यावर फिरते. ते पाणी नळांतून येते, उंच भिंतीत चढते आणि हौदात कोसळते. त्या जोरावर फिरणारी चक्की फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळायची. हौदाच्या खाली प्रशस्त दालन आहे, त्याचे छत म्हणजेच हौदाचा तळ. उन्हाळ्यात त्या दालनात उभे राहिले की बाहेरचे ऊन विसरायला होते. आणि या सगळ्याला लागून खाम आहे. पाण्यावर चालणारी सोय, गरिबाचे अन्न, इबादत आणि नदी एकाच जागी आणणारी इतकी सुंदर जागा दुसऱ्या एखाद्या शहरात असती तर तिच्याभोवती अख्खी बाजारपेठ फुलली असती. आपल्याकडे पर्यटकांची गाडी मकबऱ्याहून येते, पाणचक्कीला थांबते आणि वेरूळकडे निघून जाते. तिथून भडकल दरवाजा, बुढी लेन, सिटी चौक करत शहागंजपर्यंत पायी फार तर अर्धा-पाऊण तास. त्या वाटेवर नान-खलिया आहे, अत्तर आहे, चुड्या आहेत, सराफा आहे. हिमरूचे उरलेसुरले कारागीर याच शहरात आहेत. पण ती वाट चालण्यासारखी नाही. फुटपाथ नाही, सावली नाही, बसायला बाकडे नाही.

आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नाही म्हटले तरी चालेल, इतकी ती कमी आहेत. रमजानमध्ये रात्री उशिरापर्यंत खरेदीला आलेल्या आपल्या आई-बहिणी पाणी पिणेसुद्धा टाळतात. बाजाराच्या सुशोभीकरणाच्या आराखड्यात कारंजे आधी येते आणि ही सोय शेवटी, तीही जागा उरली तर. आराखडे करणाऱ्यांनी एकदा आपल्या घरातल्या बायकांबरोबर दोन तास बाजार करावा, एवढेच आम्ही म्हणतो.

नदीकाठ सुंदर झाला की जागेचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की सगळ्यात आधी हातगाडीवाला हलवला जातो. हे जगभर झाले आहे. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल इथे 2003 ते 2005 या काळात उड्डाणपूल पाडून त्याखाली गाडला गेलेला सुमारे 5.8 किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा केला. आज ती जागा पाहायला जगभरातून लोक येतात. पण तिथल्या फेरीवाल्यांना आधी एका स्टेडियममध्ये बसवले, पुढे ते स्टेडियमच पाडायचे ठरले आणि त्यांना तिसरीकडे जावे लागले. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या ओढ्यातले बहुतेक पाणी पंपाने आणून सोडलेले आहे. खामबाबतही हा प्रश्न येणारच आहे. पावसाळा सोडला तर तिच्यात वाहते ते प्रामुख्याने सांडपाणी. ते पूर्ण बंद केले तर पात्र कोरडे राहील. म्हणून सांडपाणी नीट शुद्ध करून तेच नदीत सोडणे आणि हर्सूल तलावाच्या वरचे ओढे-नाले मोकळे ठेवणे, हे बागेपेक्षा मोठे काम आहे. त्याची फीत मात्र कापता येत नाही.

जवळचे उदाहरण अहमदाबादचे आहे. साबरमतीचा काठ बांधताना हजारो झोपडीवासीय कुटुंबे हलवली गेली, त्यांतल्या अनेकांना वटवासारख्या दूरच्या भागात घरे मिळाली. मुलांच्या शाळा आणि मोठ्यांची रोजी मागेच राहिली. एलिस ब्रिजजवळ भरणारा रविवारचा गुजरी बाजार मात्र हटला नाही. शतकांची परंपरा सांगणाऱ्या या बाजारात जुने कपडे, भांडी, पुस्तके, खाटा विकणारे गरीब मुस्लिम आणि दलित विक्रेते मोठ्या संख्येने आहेत, बायकाही पुष्कळ आहेत. त्यांच्या संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली, अभ्यासकांच्या मदतीने बाजाराचा स्वतःचा आराखडा मांडला, आणि 2014 मध्ये नदीकाठीच ओटे बांधलेली नवी जागा मिळवली. सगळे समाधानी झाले असे नाही. पण त्यांनी नुसता ‘हलणार नाही’ असा हट्ट धरला नाही, आम्हाला कसे बसवता येईल हे कागदावर काढून दाखवले. हे शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडे जाफर गेटचा रविवारचा बाजार आहे, छावणीचा गुरुवारचा बाजार आहे, शहागंजचे हातगाडीवाले आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना 2014 च्या पथविक्रेता कायद्याची माहिती आहे? दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी व्हायला हवी आणि ती पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही, असे हा कायदा म्हणतो. आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसाठी आहेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायकांसाठी. याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असेही आहे की, पन्नास वर्षांहून जास्त काळ चालत आलेला नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. दरवाजांना वारसा म्हणायला आपण शिकलो आहोत. त्या दरवाजाच्या सावलीत पिढ्यान्पिढ्या टोपल्या मांडणारी माणसे वारशात धरली जात नाहीत, हे आम्हाला विचित्र वाटते.

हक्काची भाषा बोलताना आपल्या अंगणाकडेही पाहायला हवे. पुलावरून फेकलेल्या पिशव्या, दुकानांतली कोंबड्यांची पिसे, बांधकामाचा राडारोडा, निर्माल्य, यांत सगळ्या समाजांचा हात आहे. पण बकरी ईदनंतरचे अवशेष नाल्यात जाऊ न देणे हे काम दुसरे कोणी येऊन करणार नाही. पाण्याच्या जागी, वाटेवर आणि सावलीत घाण करण्याला आपल्या दीनमध्ये किती कठोर शब्दांत मनाई आहे, हे मदरशातले मूलही सांगेल. ईदच्या आठवडाभर आधी मशिदीतून घंटागाडीची वेळ सांगितली, गल्लीगल्लीत जाड पिशव्या वाटल्या, तर फरक पडतो. हे आम्ही आमच्या मोहल्ल्यात पाहिले आहे.

जाफर गेटच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या एका खालांना आम्ही या कायद्याबद्दल सांगितले. त्यांनी गल्ल्याखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात वर्षानुवर्षांच्या बाजार वसुलीच्या पावत्या होत्या, काहींची शाई उडालेली. “हे चालेल का?” त्यांनी विचारले. पाहणीला माणसे येतील तेव्हा किती वर्षे कुठे बसता हे सांगायला या पावत्या कामी येतील, असे आम्ही म्हणालो. मग त्यांनी शेजारच्या चपलांच्या गाडीवाल्याला हाक मारली, “सुन रे, तेरी पावत्यां फेंकना नको.”