वाहनांचें नोंदणीदप्तर व शेतकरी

आंब्याच्या पेट्या वाहणारी गाडी किंवा भातशेतीचा ट्रॅक्टर ज्यांच्या घरीं आहे, त्यांपैकीं बहुतेकांची अशी समजूत असते कीं, पेटींत जपून ठेविलेलें नोंदणीपुस्तक म्हणजेच आपली मालकी. पूर्वीं हें बरेंचसें खरें होतें. आतां मूळ दप्तर केंद्र सरकारच्या 'वाहन' नामक संगणकीय प्रणालींत असून आपल्या हातांतील पत्रिका ही त्या नोंदीची केवळ नक्कल होय. सातबारा व फेरफार यांचा अनुभव असलेल्या वाचकांस हा भेद सहज कळेल.

वेंगुर्ले तालुक्यांतील वाहनांची नोंद सिंधुदुर्गनगरी येथील परिवहन कार्यालयांत होते; 'एम. एच. ०७' हें त्याचेंच चिन्ह. सन २०१८ पासून 'डिजिलॉकर' किंवा 'एम-परिवहन' यांतील नोंद पोलिसांस मूळ कागदाप्रमाणेंच ग्राह्य धरावी लागते. मोबाइलवर काढलेलें साधें छायाचित्र मात्र चालत नाहीं. आमच्या किनाऱ्यावरील दमट पावसाळा व वाळवी यांपासून कागद वांचविण्याची दगदग तेवढी टळली.

खरा धोका निराळाच आहे. पैसे घ्यावे, कोऱ्या नमुन्यावर सही करावी व जुना ट्रॅक्टर देऊन टाकावा, अशी पुष्कळांची रीत असते. पुढें त्यास अपघात झाला तर? नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सन २०१८ मध्यें स्पष्ट केलें कीं, दप्तरांत ज्याचें नांव तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, व नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. त्या प्रकरणीं गाडी एकामागून एक अनेक हातीं गेली होती, तरी नोंदणीधारक सुटला नाहीं. म्हणून विकणारानें नमुना २९ चौदा दिवसांच्या आंत दाखल करावा, आणि घेणाराचें नांव लागेपर्यंत नोंद स्वतः पाहत राहावी.

मालक वारल्यास वारसानें तीस दिवसांत कार्यालयास कळवून तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ वर अर्ज करावयाचा असतो. सन २०२१ पासून नामनिर्देशनाचीही सोय आहे. कर्ज फिटलें तरी नमुना ३५ दाखल होऊन दप्तरांत तशी नोंद दिसेपर्यंत बँकेचा बोजा उतरला असें समजूं नये.

एक गोष्ट लहान, पण खोळंबा करणारी. ऑनलाइन अर्जाच्या वेळीं खात्रीचे अंक दप्तरांतील मोबाइल क्रमांकावर येतात. आपल्याकडे तो क्रमांक मुंबईस असलेल्या मुलाचा किंवा एखाद्या मध्यस्थाचा असतो, आणि कधीं कधीं तो बंदही पडलेला असतो. विक्रीची वेळ येण्यापूर्वींच तो पालटून घ्यावा. नांवाचीं इंग्रजी अक्षरें आधारपत्रिकेशीं जुळतात कीं नाहीं, हेंही त्याच खेपेस पडताळावें.